आभा काढली म्हणजे फाइल मिटली?

खिडकी नंबर तीन:
कालच्या धाग्यात एका महाशयांनी ठोकून दिलंय की आभा कार्ड (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचं) घराघरांत पोचलं, त्याला जोडलेली खासगी रुग्णालयं वाढतायत, आता रिपोर्टांची पिशवी घेऊन फिरायची गरज संपली. तिथलं उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा.

आभा हा १४ आकडी क्रमांक आहे. त्यात रेकॉर्ड नसतं. रेकॉर्ड ज्या रुग्णालयात तयार झालं तिथंच राहतं. पेशंटने संमती दिली की तिथून मागवलं जातं. रुग्णालयाने पेशंटची ती भेट आभाशी जोडलीच नसेल किंवा सर्व्हर बंद असेल, तर समोरच्या डॉक्टरला कोरा स्क्रीन. ओपीडीत क्यूआर स्कॅन करून टोकन मिळतं ते नोंदणीपुरतं. डॉक्टरांनी पेनाने लिहिलेलं केसपेपरवरच राहतं.

बिलिंगवाला:
नोंदणीची रांग कमी होते हे तुम्हाला किरकोळ वाटतं? नाव, वय, पत्ता पुन्हा टाइप करावा लागत नाही. आणि खासगीवाल्यांना नावं ठेवताना एवढं सांगा: संगणकावर बिल, लॅब, फार्मसी जोडलेली आधी कुठे झाली?

खिडकी नंबर तीन:
बिल जोडलंय हो, कारण बिलातून पैसे येतात. डिस्चार्ज समरी अजून वर्डमध्ये, जुन्या पेशंटच्या फाइलवर नाव बदलून. रुग्णालयाचं सॉफ्टवेअर आभाशी जोडायचे तीन टप्पे असतात: एम-१ म्हणजे आभा काढणं-तपासणं, एम-२ रेकॉर्ड देणं, एम-३ दुसऱ्याचं बघणं. एम-१ वर 'आभाशी जोडलेलं' असा बोर्ड लावता येतो, पुढचं कोण करतो? आपल्या पेशंटला शेजारच्या रुग्णालयात जाणं सोपं करून द्यायची हौस कुणाला आहे?

बिलिंगवाला:
म्हणूनच सरकारने २०२३ पासून प्रोत्साहन योजना आणली ना. ठरलेल्या मर्यादेच्या वर एका व्यवहाराला, म्हणजे आभाशी जोडलेल्या नोंदीला, रुग्णालयाला २० रुपये ठरवले होते.

खिडकी नंबर तीन:
वीस रुपयांत स्कॅन केलेली पीडीएफ चिकटवतात. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन सहा महिन्यांत कसं चढलं हे पीडीएफमधून आलेखावर येत नाही.

नोंदवही:
तुम्ही दोघं वरच्या मजल्यावर भांडताय. गाडी खालीच अडते. जुनी नोंद शोधताना मोबाइल, नाव, लिंग, जन्मवर्ष जुळवतात. आता बघा. ज्ञानेश्वरचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर 'डी-एन' ने, रुग्णालयात 'जी-वाय' ने. बाईचं आधार माहेरच्या नावाने, केसपेपर सासरच्या. खिडकीवर विचारतात वय, आजी सांगते "साठ". सॉफ्टवेअर चालू वर्षातून साठ वजा करतं. दोन वर्षांनी आजी पुन्हा "साठ"च सांगते. झाली नवीन फाइल. वर अख्ख्या घराचा मोबाइल एक, ओटीपी मुलाच्या फोनवर, मुलगा कामावर.

बिलिंगवाला:
हा दोष प्रणालीचा नाही. आभा स्कॅन करा, नाव टाइपच करावं लागत नाही.

नोंदवही:
आभा काढायच्या आधीच्या भेटींचं काय? त्या जुन्या नावावर पडल्यात. सासू-सुनेचा मोबाइल एकच, आडनाव एकच. जुळणी सैल ठेवली तर सासूची शुगर सुनेच्या आभाला जोडली जाणार. घट्ट ठेवली तर काहीच सापडत नाही. प्रत्येक संशयित जोडी माणसाने बघायला हवी, आणि त्या माणसाचं पद मंजूर नाही. डेटा एन्ट्री ऑपरेटर कंत्राटी, करार संपला की पासवर्डसकट जातो.

ओपीडी दुपार:
डॉक्टरचं कुणीच बोलत नाही. चार तासांत १२० पेशंट म्हणजे माणशी दोन मिनिटं. त्यात यादीतून निदान निवडायचं, औषधाची मात्रा टाकायची, संमती मागायची. पॉवरपॉइंटमध्ये हे सगळं एका बाणात होतं.

बिलिंगवाला:
मग काय, कागदच बरा? वाळवी लागलेल्या रेकॉर्ड रूममधून तीन वर्षांपूर्वीचा केसपेपर काढून दाखवा.

ओपीडी दुपार:
कागद बरा असं कोण म्हणालं? लॅबपासून सुरुवात करा म्हणतोय. मशीनमधला आकडा थेट सिस्टिममध्ये, टायपिंग शून्य. त्यानंतर औषधं. हस्तलिखित नोट शेवटी.

बिलिंगवाला:
लॅबचं पटलं. पण त्यासाठी लॅबच्या जुन्या अ‍ॅनालायझरला संगणकाशी जोडणारा इंटरफेस लागतो, आणि तो विकणारा खासगीच असतो, एवढं लक्षात असू द्या.

नोंदवही:
असू दे की. फक्त नमुन्यावरचा बारकोड कोणत्या आजीच्या नावाने छापायचा तेवढं आधी ठरवा.