तिघऱ्यावर शिडाच्या होड्यांचा हंगाम सुरू करतोय, तीन रविवारांत आधी काय उरकावं?

लष्करकर

नमस्कार. ग्वाल्हेरला तिघरा जलाशयावर मुलांसाठी छोटा सेलिंग क्लब चालवतो. ८ ऑप्टिमिस्ट (लहान मुलांच्या एकट्याने चालवायच्या होड्या), २ लेझर (मोठ्या मुलांच्या, एकट्याच्याच), १ एन्टरप्राइझ (दोघांची) आणि एकच रेस्क्यू बोट, तिला मागे लावायचं १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन (आउटबोर्ड). सगळं जूनपासून पत्र्याच्या शेडमध्ये पडून आहे. आता धरण भरलंय. ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी मुलांना पाण्यात उतरवायचं आहे. १४ नावं आलीत, वयं ९ ते १५. हाताशी तीन रविवार आणि चार-पाच पालक. होड्यांची डागडुजी आधी घ्यावी की शिडांची? आणि एका वेळी किती होड्या सोडायच्या?

शीडवाली

दादा, दोन्ही नाही. पहिला रविवार सगळाच्या सगळा रेस्क्यू बोट आणि लाइफ जॅकेटांना द्या. पाण्यात किती होड्या जातील हे शेडमध्ये किती आहेत त्यावर ठरत नाही, ओढून आणायला काय आहे त्यावर ठरतं. शिकाऊ मुलं असतील तर एका रेस्क्यू बोटीमागे ६ होड्या, सातवी नको. म्हणजे तुमच्या १४ जणांच्या तीन तुकड्या झाल्या. दोन ऑप्टिमिस्ट तशाच राखीव राहतील आणि ते चांगलंच आहे.

इंजिनाच्या टाकीतलं जूनचं पेट्रोल काढून टाका. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढतं, ते पाणी तळाशी बसतं आणि कार्ब्युरेटरचं जेट जाम होतं. नव्या पेट्रोलमध्ये इंजिनाच्या पुस्तकात दिलंय तेवढंच ऑइल घाला. ५०:१ लिहिलं असेल तर लीटरला २० मिली. मग इंजिन पाण्याच्या ड्रममध्ये दहा मिनिटं चालवा. कोरडं एकदाही सुरू करू नका, पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर (पात्यांचं चाक) काही सेकंदांत जळतो. मागून पाण्याची पिचकारी जोरात यायला हवी. बारीक आली तर आधी भोकात तार घालून माती काढा, तरी बारीकच राहिली तर इम्पेलर बदला. महिनोन्महिने एकाच जागी दबून राहिल्यामुळे त्याची पाती वाकडी होतात. गिअर ऑइल थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं तर सील गेलंय आणि आत पाणी शिरतंय.

किल कॉर्ड, म्हणजे इंजिन बंद करणारी दोरी, ओढल्याक्षणी इंजिन बंद पडलं पाहिजे. हे दर वेळी किनाऱ्यावरच तपासा. ती चालवणाऱ्याच्या पायात हवी, हँडलला गुंडाळलेली नको. चालवणारा पाण्यात पडला तर रिकामी बोट गोल फिरत मुलांच्या अंगावर येते.

आता जॅकेटं. लेबलवर न्यूटन लिहिलेले असतात, १० न्यूटन म्हणजे साधारण १ किलोची उचल. ५० न्यूटनच्या जॅकेटला वाण्याकडचं ५ किलोचं लोखंडी वजन बांधून ड्रममध्ये रात्रभर ठेवा. लोखंड पाण्यात जवळपास ४.४ किलोच भरतं, त्यामुळे जॅकेट तरंगायलाच हवं. बुडालं तर फेका, वरून कितीही नवं दिसत असलं तरी. लहान मापांना लेबल बघून वजन कमी करा. मुलाला घालून, पट्टे आवळून खांद्याशी धरून वर ओढा. कानापर्यंत आलं तर ते त्याच्या मापाचं नाही. लहान मुलांना जांघेतला पट्टा असलेलंच द्या.

उत्तरवारा

वरचं सगळं बरोबर. दुसऱ्या रविवारी होड्या घ्या.

ऑप्टिमिस्टमध्ये तीन एअरबॅगा असतात, होडीचा जीव त्यांच्यात. शनिवारी संध्याकाळी फुगवा, रविवारी सकाळी दाबून बघा. रात्री थंडावा आला की थोड्या सैल होतातच, पण हाताचं बोट आत रुतत असेल तर गळती आहे. साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा, बहुतेक वेळा झडपेपाशी सापडतात. बॅगेपेक्षा पट्टे जास्त दगा देतात. होडी पाण्याने भरली की बॅग वर उसळते आणि कुजका पट्टा तुटतो, म्हणून प्रत्येक पट्टा दोन्ही हातांनी जोरात ओढून बघा. हंगाम संपला की बॅगा अर्ध्या सोडून ठेवा. मे महिन्यात पत्र्याखाली आतली हवा फुगून शिवण उसवते.

डोलकाठी बांधायचा दोर नवा घाला. तो नसला तर होडी पूर्ण उलटल्यावर काठी निसटून खाली सरकते, तिरपी अडकते आणि काठी धरणारी फळी फोडते. एका दोरासाठी होडी जाते.

लेझरची डोलकाठी बसते त्या खाचेत पाणी भरून खूण करा. दहा मिनिटांत पातळी उतरली तर तळाशी भेग आहे, ती होडी वाऱ्यात नेऊ नका. शिवाय नुसता हल (काठी-शिडाशिवायचं होडीचं धड) तोलून बघा. तो ५९ किलोच्या आसपास असतो, चार-पाच किलो जास्त भरला तर आत पाणी आहे. एन्टरप्राइझची डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारांवरून कापूस फिरवा, तुटलेला पदर त्याला धरतो. एक पदर तुटला तरी तार बदलायची.

शिडं सगळ्यात शेवटी. सौम्य साबण, मऊ ब्रश, सावलीत वाळवण. उन्हाने कापडाआधी दोरा मरतो. शिवणीवर नख घासा, टाके सुटले तर शिवून घ्या. उंदरांनी कुरतडलेलं तर बघाच.

बांधावरचा

थोडं पाण्याविषयी.

आत्ता धरण काठोकाठ आहे, म्हणून उताराच्या टोकाला होड्या सहज उतरतील. जसजसं पाणी ओसरेल तसतसा तिथे गुडघाभर चिखल होईल आणि बुडालेले दगड, खुंट वर येतील. पातळी महिन्यातून एकदा नोंदवा, आणि प्रत्येक वेळी एका मोठ्या माणसाने रेस्क्यू बोटीतून काठीने चाचपत कडेकडेने फेरी मारावी. बोयांचे (तरंगत्या खुणांचे) दोर ऑक्टोबरच्या खोलीचे असतात. पाणी उतरलं की ते सैल पडून बोया भटकतात आणि सैल दोर डॅगरबोर्डात (होडीच्या तळातून खाली सोडलेल्या फळीत) अडकतो. बोयाखाली दोन-तीन मीटरवर २ किलोचं वजन लटकवा, दोर उभा राहतो.

धरणाचे दरवाजे उघडे असतील त्या दिवशी होड्या काढायच्याच नाहीत. एरवीही भिंतीपासून लांब राहा, तिच्या आडोशाला वारा मरतो आणि मुलं अडकून पडतात. जाळी कुठे टाकतात ते मासेमारांकडून विचारून घ्या, आणि उलटण्याचा सराव घेण्याआधी मगरींचंही विचारा. हे शहराचं पिण्याचं पाणी आहे. पेट्रोल किनाऱ्यापासून दूर, खाली ट्रे ठेवूनच भरा.

वाऱ्याची मर्यादा पाटीवर लिहून टाका. नवख्यांना ताशी १९ किलोमीटरपर्यंत. पाण्यावर सगळीकडे पांढरे शेंडे दिसू लागले की परत. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे पलीकडचा किनारा दिसत नसेल तर थांबा, मुलं कितीही मागे लागली तरी.

लष्करकर

सगळ्यांचे मनापासून आभार. तिसऱ्या रविवारी उलटण्याचा सराव कसा घ्यावा? होडी सरळ करायला ९ वर्षांच्या मुलांचं वजन डॅगरबोर्डवर पुरेल का?

शीडवाली

पुरतं. छातीएवढ्या पाण्यात, एका वेळी एकच होडी, रेस्क्यू बोट शेजारी. उलटल्यावर पहिलं काम होडी न सोडणं, दुसरं मेनशीट (शीड ओढायचा दोर) मोकळी करणं. ती अडकलेली असेल तर शीड पाणी धरून ठेवतं आणि कितीही जोर लावला तरी होडी उठत नाही. मग मागून वळसा घालून तळाकडे यायचं, डॅगरबोर्ड पूर्ण बाहेर ओढायचा आणि त्याच्या टोकाला दोन्ही हातांनी लोंबकळायचं. टोकाला, मुळाशी नाही, हलक्या मुलाला तिथेच जोर मिळतो. ऑप्टिमिस्ट उभी राहते ती पाण्याने भरूनच. मागून चढून मध्यभागी बसायचं आणि उपसायचं. उपसणी मोठी हवी आणि होडीला बांधलेली हवी. पाच लीटरच्या तेलाच्या कॅनचा तळ तिरका कापला तर उत्तम उपसणी होते.

शिडाखाली सापडलं तर कापड हाताने वर ढकलायचं, हवा मिळते, मग शिवण धरून एका दिशेने बाहेर. हे कोरड्यावर, चादरीखाली आधी करून घ्या. घाबरणारी मुलं तिथेच कळतात.

आणि किनाऱ्यावर १४ खिळ्यांचा फळा लावा, प्रत्येकाचा नंबर असलेला बिल्ला. पाण्यात जाताना मुलाने स्वतः काढून जॅकेटला अडकवायचा, आल्यावर स्वतःच परत लावायचा. फळा पूर्ण भरेपर्यंत रेस्क्यू बोटीचं इंजिन वर घ्यायचं नाही.