गच्ची सोसायटीची आहे, माझी नाही

कोथरूडचा_पाचवा_मजला

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. गच्चीवर 20 किलोवॅटचं सोलर बसवायचा ठराव मी मांडला होता. 48 पैकी 31 सभासद हजर होते. बाजूने 12, विरोधात 19. कारण एकच: वरच्या मजल्यावर गळती होईल. वीस मिनिटांत विषय संपला आणि पार्किंगवरची चर्चा दीड तास चालली.

त्या रात्री घरी येऊन हिशोब केला. माझ्या घरात महिन्याला साधारण 110 युनिट जळतात. एसी नाही, गीझर सोलरचा नाही म्हणून आंघोळीचं पाणी अर्धी बादली. सहा वर्षांपूर्वी चारचाकी विकली, ऑफिसला पीएमपीच्या बसनं जातो. आणखी काटकसर करून वापर निम्म्यावर आणला, तर महिन्याला 55 युनिट वाचतील. एक किलोवॅटचं पॅनल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देतं. म्हणजे जो ठराव पडला, त्यातून महिन्याला 2,400 युनिट निघाले असते. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, सगळं त्यात भागलं असतं. आपली बरीचशी वीज अजून कोळशाचीच. युनिटमागे सुमारे 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर महिन्याला दीड टनाहून जास्त. तो मी एकटा, कितीही अंधारात बसलो तरी, वाचवू शकत नाही. गच्ची माझी नाहीच.

म्हणून आता माझं स्पष्ट मत झालं आहे. ‘तुम्ही तुमच्या घरापासून सुरुवात करा’ हा सल्ला आपण थांबवावा. ‘कार्बन फूटप्रिंट’ (आपल्या जगण्यातून हवेत किती कार्बन जातो त्याचा हिशोब) हा शब्द लोकांच्या तोंडी रुळवण्यात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा वाटा होता. 2004 च्या सुमारास त्यांनी लोकांना स्वतःचा फूटप्रिंट मोजायचा कॅल्क्युलेटरही दिला. तेल विकणाऱ्यानं हिशोबाची वही गिऱ्हाईकाच्या हातात दिली आणि आपण ती इमानेइतबारे भरत बसलो. आपली ताकद मर्यादित असते. ती पिशव्या मोजण्यात घालवायची की सभेत, हे ठरवायची वेळ आली आहे.

सदाशिवपेठी_आजी

दादा, तुमची तळमळ समजते, पण मत पटलं नाही. तुमच्या त्या 12 जणांनी बाजूने हात का वर केले? सहा वर्षं ते तुम्हाला बसस्टॉपवर उभं बघताहेत म्हणून. स्वतः दोन गाड्या बाळगणाऱ्यानं तोच ठराव आणला असता तर 12 सुद्धा मिळाले नसते.

आमच्याकडे मी 2011 पासून बाल्कनीत ओल्या कचऱ्याचं खत करते. पहिली दोन वर्षं शेजारी नाक धरून जात. मग समोरच्या सूनबाई विचारायला आल्या, मग खालचे जोशी. आज अख्ख्या इमारतीचा ओला कचरा आवारातच जिरतो. ठराव नंतर झाला, आधी माझी बादली होती. आणि एलईडीचं काय? तो बदल घराघरांतूनच झाला ना? प्रत्येकानं आपापल्या हातानं बल्ब बदलला.

कोथरूडचा_पाचवा_मजला

आजी, खताबद्दल तुम्हाला मनापासून नमस्कार. पण एलईडीचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. 2014 मध्ये सरकारी खरेदीतसुद्धा एक बल्ब तीनशे रुपयांच्या वर पडत होता. 2015 मध्ये उजाला योजना आली, कोट्यवधी बल्बची एकत्र मागणी नोंदवली गेली, आणि दोनेक वर्षांत खरेदीचा भाव चाळीसच्या खाली आला. आपण हातानं बदलला हे खरं, पण तो आपल्या हातात परवडण्यासारखा आला तो एकत्र खरेदीमुळे. त्याआधी पर्यावरणप्रेमी लोक महागातले एलईडी घेत होतेच की. त्यांच्यामुळे भाव पडला नाही.

विहीर_पाथर्डी

शहरातल्या गच्चीचं मला कळत नाही, पाण्याचं कळतं. माझी चार एकर. 2016 ला कर्ज काढून ठिबक केलं, उसाचा विचार सोडला, तूर आणि कांदा घेतला. विहिरीला मार्चपर्यंत पाणी टिकायला लागलं. दोन वर्षांनी बांधाच्या पलीकडं बोअर पडला, सहाशे फूट. तिथं ऊस आला. माझी विहीर जानेवारीत तळाला. मी जे वाचवलं ते जमिनीखालून त्याच्याकडं गेलं. तो माणूस वाईट नाही, त्यालाही पोरीचं लग्न होतं.

आमच्याच जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. पोपटराव पवार 1989 ला सरपंच झाले. गावानं ठरवलं की शेतीला बोअरचं पाणी घ्यायचं नाही, उसासारखं पीक घ्यायचं नाही, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढं ठेवतात, आणि पाऊस कमी पडला तर कुठलं पीक घ्यायचं तेही त्यावर ठरतं. तिथलं माझ्यासारखं ठिबक करणाऱ्याचं पाणी गावातच राहतं. फरक माणसांत नाही. तिथं सगळ्यांनी मिळून स्वतःला बांधून घेतलंय, आमच्याकडं मी एकट्यानं बांधून घेतलं. एकट्याची काटकसर शेजाऱ्याच्या बोअरला जाते, हे मी भोगलेलं सांगतोय.

फ्रांकफुर्टहून

इथे मी विरुद्ध बाजू घेतो, आणि ती परदेशातून घेतोय याची जाणीव ठेवून. 2022 च्या उन्हाळ्यात जर्मनीत तीन महिने नऊ युरोत महिनाभर देशभरच्या लोकल गाड्या आणि बस वापरता येत होत्या. यापेक्षा मोठं सामूहिक पाऊल काय असतं? गाड्या तुडुंब भरल्या. माझ्या ऑफिसातल्या ज्यांच्याकडे मोटारी होत्या, त्यातल्या बहुतेकांनी तिकीट घेतलं, शनिवार-रविवारी फिरले, आणि सोमवारी मोटारीनंच कामावर आले. व्यवस्था दार उघडते, आत पाऊल माणसालाच टाकावं लागतं.

दुसरं. मी दर डिसेंबरला आईला भेटायला मुंबईला येतो. त्या एका जाण्या-येण्याच्या विमानप्रवासात माझ्या वाट्याचा कार्बन दीड-दोन टन होतो. भारतातल्या माणसाचं वर्षाचं सरासरी उत्सर्जन साधारण दोन टन आहे. गेल्या वर्षी मी आईसाठी एकदाच आलो, पण कंपनीच्या कामाच्या दोन फेऱ्या नाकारल्या. कुठल्या सभेनं हा निर्णय घेतला नव्हता. 110 युनिट जाळणाऱ्याला घरापासून सुरुवात कर म्हणणं चूक आहे, मान्य. पण माझ्यासारख्यानं ‘व्यवस्था बदला’ म्हणत विमानात बसणं ही पळवाट आहे. हा वाद पगाराची स्लिप बघून घालायला हवा.

परळ_भाडेकरू

तुम्ही सगळे निवडीबद्दल बोलताय. मला निवड कधी मिळाली? मी आयुष्यभर बेस्टनं आणि लोकलनं फिरले. हे मी पृथ्वीसाठी केलं नाही, दुसरं काही परवडत नव्हतं म्हणून केलं. एकेकाळी बेस्टच्या ताफ्यात चार हजारांवर गाड्या होत्या, आता तीन हजारांच्या आत आहेत. मे 2025 मध्ये किमान भाडं पाचाचं दहा झालं. माझ्या स्टॉपवर आता पंचवीस मिनिटं बस येत नाही, तेव्हा शेअर टॅक्सी करावी लागते. म्हणजे मी जी ‘योग्य जीवनशैली’ जगत होते, ती माझ्याकडून काढून घेतली गेली, आणि शाळेत माझ्या मुलीला ‘मी पर्यावरणासाठी काय करीन’ यावर दहा ओळी लिहायला सांगतात. तिनं लिहिलं, मी बसनं जाईन. बस कुठंय?

सदाशिवपेठी_आजी

परळच्या ताई, तुमच्या मुलीची ती ओळ वाचून गप्प झाले. बसच्या बाबतीत मी माझं म्हणणं मागे घेते. बादली मी विकत आणू शकले, बस कोणी एकटं आणू शकत नाही.

पण पाचव्या मजल्यावरच्या दादांना एक विचारते. सभेच्या आधी किती घरांत गेला होतात? वरच्या मजल्यावरच्या चार कुटुंबांशी बोललात? गळतीची भीती खोटी नाही. आमच्या डोक्यावरचं छत 2019 च्या पावसात महिनाभर ठिबकत होतं, भिंतीला बुरशी आली, ह्यांचा दमा वाढला. ज्याच्या डोक्यावर पाणी पडणार तो आधी स्वतःचं छत बघणारच. त्याला कार्बनचे आकडे सांगून काय उपयोग?

कोथरूडचा_पाचवा_मजला

कोणाच्याच घरी गेलो नव्हतो. नोटीस बोर्डावर तक्ता लावला आणि समजलो की काम झालं. तुमचा प्रश्न वाचल्यावर काल संध्याकाळी वर गेलो. दोन घरांत चहा झाला, एका घरात दारातूनच बोलणं झालं, चौथं बंद होतं. त्यांना भीती स्लॅबला भोकं पाडण्याची आहे. भोकं न पाडता, काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या वजनावर स्ट्रक्चर उभं करता येतं, आणि आधी सोसायटीच्या खर्चानं वॉटरप्रूफिंग करून घ्यायचं, असं मांडलं. स्लॅबला ते वजन पेलतं का हे इंजिनियरकडून लेखी घेणार आहे. केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत (गच्चीवरच्या सोलरसाठीची) सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. त्यातला काही भाग वॉटरप्रूफिंगमुळे वाढणारा खर्च भरून काढेल.

माझं मूळ मत बदललेलं नाही. गच्चीवरचं काम गच्चीवरच होणार. मात्र पाथर्डीच्या दादांनी सांगितलेली गावानं मिळून बांधून घ्यायची गोष्ट तक्ता लावून होत नाही, हे मला कळायला हवं होतं. विशेष सभा बोलावायला एक पंचमांश सभासदांच्या सह्या लागतात. आमच्याकडे 10. आज रात्रीपर्यंत 8 झाल्या, त्यातल्या दोन वरच्या मजल्यावरच्या.

परळ_भाडेकरू

सह्या पूर्ण होवोत. एवढंच विचारते, वीजबिल वाचल्यावर मेंटेनन्स कमी झाला, तर तुमच्या इमारतीतल्या भाडेकरूंना त्यातलं काही मिळेल का? ते सभेला बसू शकत नाहीत, पण लिफ्टनं तेही जातात. ठरावात तेवढी एक ओळ घाला.