‘फाइन’चे दहा प्रतिशब्द घोकून पाचवीतल्या पोराला इंग्रजी येतं का?

सत्तरीकर

मुलगा यंदा पाचवीत गेला. चौथीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत होता, आता हायस्कुलात सगळे विषय इंग्रजीतून. इंग्रजी हा विषय आधीही होता, पण विषय म्हणून शिकणं निराळं आणि भूगोल त्याच भाषेत समजून घेणं निराळं. गोव्यात अर्ध्याअधिक घरांनी हे पाहिलं असेल.

तर शाळेतून दर आठवड्याला एक कागद येतो. वर एक शब्द, खाली प्रतिशब्दांची रांग. मागच्या खेपेला ‘फाइन’ होता: गुड, एक्सलंट, ओके, थिन, डेलिकेट, सनी, पेनल्टी आणि आणखी काही. पोराने घोकून टाकलं. चाचणीत वाक्य आलं, ‘ग्राइंड द कोकोनट टू अ फाइन पेस्ट’, आणि फाइनच्या जागी दुसरा शब्द लिहायचा होता. याने लिहिलं ‘एक्सलंट’. लाल फुली. बरोबर उत्तर ‘स्मूथ’, आणि तो शब्द त्या कागदावर नव्हताच! ‘माय फादर पेड द फाइन’ मात्र बरोबर आलं. का, तर साखळी शहरात हेल्मेटवरून मला तालांव (दंडाची पावती) मिळाला तेव्हा हा मागे बसला होता.

माझं म्हणणं एवढंच की वाक्याशिवाय प्रतिशब्द देऊ नयेत. जरा उलटीकडून बघा. परक्या माणसाला आपण ‘लागणे’ शिकवतोय असं समजा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, फणसाला फळ लागतं, घाटात गाडी लागते, भात तळाला लागतो. याचे दहा प्रतिशब्द कागदावर लिहून दिले तर तो माणूस ‘माझी नोकरी करपली’ म्हणेल.

फळ्यावरची

मी डिचोली तालुक्यात पंचवीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं, म्हणून दुसरी बाजू मांडते. तुमच्या मुलाला घरी विचारायला तुम्ही आहात. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी इंग्रजीचं वाक्य वाचणारं कोणी नव्हतं. शब्द आणि समोर मराठी अर्थ असा कागद असला की काजूच्या भट्टीवरून आलेली आईसुद्धा तो हातात धरून पाठांतर घेऊ शकते. वाक्य आणि संदर्भ हे सगळं खरं, पण ते घ्यायचं कोणाकडून? एका तासिकेत, चाळीस मुलांत?

घोकंपट्टीला नावं ठेवणं सोपं आहे. शब्दच नसतील तर संदर्भ कशाला लावणार? आणि फुलीबद्दल म्हणाल तर ती तपासणाऱ्याची चूक, यादीची नव्हे.

कुळागर

बाईंना अनुमोदन. आपल्याकडे अमरकोश शतकानुशतकं पोरांनी पाठ केला. त्याची तीन कांडं म्हणजे प्रतिशब्दांच्या याद्याच आहेत, श्लोकात बांधलेल्या. एकट्या पाण्यालाच पंचवीसहून जास्त नावं. आधी पाठ, अर्थ मागाहून उलगडतो. इंग्रजांनी हेच काम १८५२ साली केलं तर त्याचं केवढं कौतुक! पीटर मार्क रॉजे नावाच्या डॉक्टराने थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, छापला तो.

रापणकार

त्या पंचवीसांत ‘वन’ आहे, ‘क्षीर’ आहे आणि ‘सर्वतोमुख’पण आहे. म्हापशाच्या हॉटेलात बसून ‘एक ग्लास सर्वतोमुख’ मागून बघा आणि काय आणून देतात ते इथे कळवा.

सत्तरीकर

@कुळागर, दोन्ही दाखले माझ्याच बाजूचे आहेत की. अमरकोश ज्याला संस्कृत काव्य वाचायचं-रचायचं आहे त्याच्यासाठी. वृत्तात दोन अक्षरी शब्द बसत नसेल तर चार अक्षरी हाताशी हवा. शिवाय त्याची रचना विषयवार आहे, स्वर्ग, दिशा, काळ, पाताळ अशी. शेवटच्या कांडातला नानार्थवर्ग सोडला तर एकाच शब्दाचे सगळे भलतेसलते अर्थ एका ओळीत कोंबलेले नाहीत. रॉजेचंही तसंच. त्याने कल्पनांचे हजार गट पाडले आणि शब्द त्यांत वाटले. मनात अर्थ आहे पण नेमका शब्द सुचत नाही, अशा माणसासाठी ते पुस्तक आहे. म्हणजे ज्याला भाषा आधीच येते त्याच्यासाठी. पाचवीतल्या पोराची अडचण नेमकी उलटी आहे: शब्द समोर आहे, अर्थ सापडत नाही.

तिसवाडीकर

वादात पडत नाही, पण या शब्दाची गंमत सांगण्यासारखी आहे. ‘बरा, उत्तम’ अर्थाचा फाइन आणि ‘दंड’ अर्थाचा फाइन हे वेगळे शब्द वाटतात, पण दोघांचं मूळ एकच, लॅटिन ‘फिनिस’ म्हणजे शेवट. जे काम शेवटास नेलं, त्यावरून अखेरचा हात फिरला, ते सुबक, तलम. आणि भांडण मिटवायला, म्हणजे त्याचा शेवट करायला, जे पैसे द्यायचे तो दंड. ‘फायनान्स’ त्याच घरातला, तोही मुळात देणं चुकतं करण्यावरून आला. पाश्चात्त्य संगीताच्या नोटेशनमध्ये ‘फीने’ लिहिलेलं असतं, तिथे वाजवणं थांबवायचं. आमचे आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले. त्यांना ‘फीनु’ म्हणजे बारीक, नाजूक हे ठाऊक होतं. दंडाला मात्र पोर्तुगीजमध्ये ‘मुल्ता’, त्यामुळे त्यांचा असा घोटाळा कधी व्हायचा नाही.

पेडणेकर_ठाण्यात

व्युत्पत्ती छान, पण परीक्षेत तिला गुण नाहीत. कर्मचारी निवड आयोगाच्या पेपरात सरळ शब्द देऊन चार पर्यायांतून प्रतिशब्द निवडायला सांगतात. माझी बहीण याद्या घोकूनच पास झाली. ध्येयवादी चर्चा पोरांच्या मार्कांवर नको.

फळ्यावरची

तेही आहेच. आणि @सत्तरीकर, तुम्ही ‘लागणे’चा दाखला दिला, पण आपण ते दिवसभर कानावर पडून शिकलो. इंग्रजी आमच्या मुलांच्या कानावर पडतं कुठे? मोबाईलवर, ते सोडा. जे ऐकून येत नाही ते पाठ करूनच येणार.

सत्तरीकर

पाठांतराला माझी ना नाही, बाई. पाढे मीही घोकून घेतो. पण काय पाठ करायचं ते तरी खरं असावं. त्या कागदावर सगळे शब्द एकमेकांचे जुळे भाऊ असल्यासारखे मांडलेत, आणि ते तसे नाहीत. ‘फाइन हेअर’ म्हणजे केसाची प्रत्येक काडी बारीक. ‘थिन हेअर’ म्हटलं की ऐकणारा विरळ केस समजतो, टक्कल पडायला लागलंय असं. ‘पेनल्टी’ ही कुठलीही शिक्षा, ‘फाइन’ फक्त पैशांची. फुटबॉल बघणाऱ्या आपल्या पोरांना तर हे सांगावं लागू नये. फातोर्ड्याला रेफरी पेनल्टी किक देतो, फाइन किक देत नाही. ‘आय ॲम फाइन’ म्हणजे ‘बरा आहे’, ‘उत्तम आहे’ नव्हे. तिथे ‘एक्सलंट’ घातलं तर लॉटरी लागल्यासारखं वाटतं. आणि कोणी तोंड फिरवून नुसतं ‘फाइन!’ म्हणालं तर त्याचा अर्थ ‘कर तुला काय करायचं ते’. आपलं ‘बरं’ असंच वागतं. ‘बरं’, ‘बरं बरं’ आणि ‘बरं का’ यांना एकच प्रतिशब्द कोण देईल?

राहता राहिला ‘सनी’. इंग्लंडात पाऊस नाही तो दिवस फाइन. मे महिन्याच्या शेवटी, विहीर आटलेली असताना, आमच्याकडे कोणता दिवस फाइन असतो ते सांगायला नकोच.

कुळागर

पटतंय, पण एवढं सगळं पाचवीला सांगणार? मी बाईंच्याच बाजूला. आधी ढोबळ, मग बारीक.

रापणकार

‘बारीक’ म्हणजे फाइन की थिन?

फळ्यावरची

@रापणकार 😀 भात बारीक वाटला तर फाइन, पोरगा बारीक झाला तर थिन.

बरं, मुद्द्यावर येते. ‘दंड’, ‘बारीक’ आणि ‘बरा’ हे एका ओळीत लिहू नयेत, तीन वेगळ्या ओळी कराव्यात, हे मान्य. त्याला वेळही लागत नाही. प्रत्येक ओळीपुढे एक वाक्य, तेही करता येईल. पण वाक्याशिवाय यादी देऊच नका, हे मान्य नाही. प्रत्येक शब्दाला वाक्य तयार करणारी शिक्षिका संध्याकाळी घरी स्वयंपाकही करते आणि निवडणुकीच्या कामालाही जाते.

तिसवाडीकर

वाक्यं तयार करायची गरज नाही, तयार मिळतात. हॉर्नबी नावाचा इंग्रज जपानात शिकवायचा, त्याने परभाषिकांसाठीच कोश केला. १९४२ मध्ये तो तोक्योत छापला गेला आणि १९४८ पासून ऑक्सफर्ड काढतंय. त्यात अर्थागणिक उदाहरणाचं वाक्य असतं. शाळेच्या कपाटात बहुधा एक प्रत पडलेली असेल.

फळ्यावरची

आमच्याकडेही होती. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे असायची.

सत्तरीकर

मग मी एक करतो. या आठवड्याचा कागद कालच आलाय, शब्द ‘रन’. बारा प्रतिशब्द, त्यात ‘मॅनेज’ आणि ‘फ्लो’ शेजारी शेजारी. रविवारी बसून अर्थावार ओळी पाडतो, प्रत्येकीला मराठी अर्थ आणि गावातलंच एकेक वाक्य: वाळवंटी नदीला पाणी, भावाचं दुकान, कदंबाची शेवटची बस. इथे टाकतो. बाई, तुम्ही लाल पेन घेऊन तयार राहा.

पेडणेकर_ठाण्यात

क्रिकेटचा रन विसरू नका. परीक्षेत तोच येणार नाही, पण पोराला तेवढाच एक आधीपासून येत असेल.