शब्दचर्चा: ‘पराजनुकीय दुबळेपणा’ की ‘भिस्त’?

प्रश्न: कर्करोगावरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. क्रिस्पर (जनुकं ठरवून कापण्याचं तंत्र) स्क्रीन वापरून कर्कपेशींचे एपिजेनेटिक कच्चे दुवे शोधले, असा त्याचा आशय आहे. ‘जनुक-संपादनाच्या चाळणीने शोधलेला पराजनुकीय दुबळेपणा’ चालेल का?

प्रतिसाद: ‘पराजनुकीय’ चालेल, ‘अधिजनुकीय’ही चालेल. डीएनएची अक्षरं तीच राहतात, पण डीएनएवरच्या आणि हिस्टोन प्रथिनांवरच्या रासायनिक खुणांमुळे जनुकं चालू-बंद होतात, एवढं एकदा सांगून टाका.

‘चाळणी’ला मात्र माझा विरोध आहे. चाळणीत काय उरलं ते आपण बघतो. इथे शोध असतो नाहीशा झालेल्यांचा. लाखो पेशींमध्ये हजारो मार्गदर्शक आरएनए सोडतात, साधारण एका पेशीत एक. प्रत्येक मार्गदर्शक कॅस९ या कात्रीसारख्या प्रथिनाला ठरलेल्या जनुकापाशी नेतो आणि ते कापलं जातं. मग पेशी काही आठवडे वाढू देतात आणि मार्गदर्शकांची पुन्हा मोजदाद करतात. ही सरळ हजेरीच आहे. सुरुवातीला हजर असलेला मार्गदर्शक शेवटी जवळपास गायब असेल, तर त्याने कापलेल्या जनुकावाचून त्या पेशींचं भागलं नाही. मी ‘क्रिस्पर छाननी’ लिहीन.

‘दुबळेपणा’ तर नकोच. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत स्मार्का४ हे जनुक निकामी झालेलं असतं. डीएनएची गुंडाळी सैल-घट्ट करण्याचं त्याचं काम मग त्याचा जोडीदार स्मार्का२ एकट्याने ओढतो. तोही काढला की कर्कपेशी कोलमडते. निरोगी पेशीत स्मार्का४ शाबूत असल्याने ती तगते. अशी कर्कपेशी दुबळी कुठे आहे? ती बेफाम वाढतेय, फक्त तिची सगळी भिस्त एका जनुकावर आहे. मला ‘भिस्त’ हाच शब्द नेमका वाटतो.

प्रश्न: मग ‘मर्मस्थान’?

प्रतिसाद: शीर्षकात शोभेल. पण मर्म निरोगी पेशीलाही असतं. कुठलीच पेशी ज्यांच्याविना जगत नाही अशा जनुकांचे मार्गदर्शकही छाननीत गळतात, म्हणून तर इतर पेशींशी तुलना करावी लागते.

आणखी एक. रक्ताच्या कर्करोगात बीआरडी४ या जनुकाचं महत्त्व २०११ साली पुढे आलं ते आरएनए हस्तक्षेपाच्या छाननीतून. त्यात जनुक कापत नाहीत, त्याचा संदेश दाबतात. लेखात ते उदाहरण असेल, तर तिथे ‘जनुक-संपादन’ लिहू नका.