मदत हवी आहे: 'भोचक' वाक्यात नीट बसत नाहीये

कोरी_पाटी
प्लीज लवकर सांगा कोणीतरी. 'भोचक' वापरून रोजच्या बोलण्यातली वाक्यं हवीयेत. मी केलेली चूक आहेत म्हणून परत आली, पण काय चुकलं ते सांगायला कोणी तयार नाही. अर्थ मला माहितेय, कोशातला उतारा चिकटवू नका. नुसती बरोबर वाक्यं द्या, आज रात्रीच पाठवायचीयेत.

वळणवाट
आधी तुमची वाक्यं टाका ना. ती बघितल्याशिवाय चूक कशी सापडणार? आणि पाठवायचीयेत कोणाला?

सांजवेळ
भोचक सोडाच, 'अनाहूत' घ्या. अनाहूत सल्ला, अनाहूत पाहुणा. भारदस्त वाटतो आणि कोणाला लागत नाही, मी ऑफिसच्या पत्रातसुद्धा बिनधास्त वापरते. फक्त 'अनाहत' लिहू नका, ते फार जण करतात. अनाहत म्हणजे आघात न होता उमटणारा, तो नादाला लावतात, पाहुण्याला नाही.

जुनाजाणता
@सांजवेळ, अनाहूत म्हणजे न बोलावलेला, एवढंच. आहूत म्हणजे बोलावलेला, त्याच्या उलट. न विचारता दिलेला सल्ला उद्या उपयोगी पडला तरी तो अनाहूतच राहतो, त्यात त्रास असायलाच हवा असं नाही. भोचक माणसाला दुसऱ्याचं खाजगी उकरून काढायची हौस असते, पगार किती, लग्न कधी, मूल का नाही अजून. आमंत्रण देऊन बोलावलेला पाहुणासुद्धा जेवता जेवता भोचक प्रश्न विचारू शकतो, तेव्हा त्याला अनाहूत म्हणून कसं चालेल?

कोरी_पाटी
ही घ्या माझी वाक्यं.
१. काकूंनी मला भोचक टोमणा मारला.
२. व्हिडिओ बघताना मध्येच भोचक जाहिराती येतात.
३. झोपताना डोक्यात भोचक विचार येतात.
४. काका, तुम्ही भोचक आहात, माझं मला बघू द्या.
आता तरी सांगा.

घरचाआहेर
असे काका-काकू सगळीकडे असतात, मनाला लावून घेऊ नका. मी एकच करते, प्रश्नाला प्रश्न. पगार विचारला की शांतपणे म्हणायचं, "का हो, काही काम होतं का?" आणि लगेच त्यांच्या तब्येतीची चौकशी सुरू करायची, माणूस आपोआप स्वतःबद्दल बोलायला लागतो. चिडायचं अजिबात नाही, चिडलं की त्यांना कळतं इथे काहीतरी आहे.

वळणवाट
ताई, त्यांना वाक्यं हवीयेत, उपाय नकोयत :)
पहिल्यात तुम्हाला 'खोचक' म्हणायचंय. टोमणा खोचक असतो, प्रश्न भोचक असतो, आणि थंडी किंवा टीका बोचरी असते. तिन्ही कानाला जवळजवळ सारखे लागतात म्हणून गल्लत होते. "अजून नोकरी नाही का लागली?" हा भोचक प्रश्न. "आमच्याकडे बाई सगळे वेळेवर नोकरीला लागले" हे खोचक बोलणं, यात विचारलं काहीच नाही, नुसतं टोचलं.

साधंसरळ
मला विचाराल तर मराठीत इथे विशेषण लागतच नाही. आपण बोलताना क्रियापद वापरतो. नाक खुपसतो, लुडबुड करतो, नसत्या चौकशा करतो, मध्ये मध्ये करतो. सगळी वाक्यं अशी फिरवा, एकही चुकणार नाही.

जुनाजाणता
विचारलंय विशेषणाबद्दल. शिवाय लुडबुड आणि भोचकपणा एक नाहीत. मोठं माणूस काम करत असताना पोर मध्येच हात घालतं, पसारा करतं, ती लुडबुड. त्या पोराला कोणी भोचक म्हणत नाही.

साधंसरळ
मोठी माणसं नुसत्या तोंडाने पण लुडबुड करतात की. दुसऱ्याच्या संसारात केलेली लुडबुड काय हाताची असते का?

वळणवाट
@कोरी_पाटी, दोन आणि तीन बघून शंका येतेय. तुम्ही इंग्रजी इन्ट्रुसिव्हचं, म्हणजे 'नको असताना मध्ये घुसणारा' याचं, मराठी करताय का?

कोरी_पाटी
हो, ते उघडच आहे ना! मराठी शिकणाऱ्यांसाठी वर्कशीट आहे, त्यात एका शब्दासमोर एकच मराठी शब्द द्यायचाय.

जुनाजाणता
अहो मग हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं. सगळी उत्तरं बदलतात याने.

वळणवाट
एक शब्द देऊ नका, शिकणाऱ्यांचं नुकसान होईल. भोचकला माणूस लागतो, किंवा माणसाचा प्रश्न, नजर, स्वभाव. जाहिरातीला कसली हौस असणार, तिथे "मध्येच घुसणाऱ्या जाहिराती" किंवा "नको असताना येणाऱ्या जाहिराती". विचारांना "नको नको ते विचार डोक्यात घुसतात", किंवा "हा विचार पिच्छा सोडत नाही". आता चौथं, ते व्याकरणात बरोबर आहे पण वडीलधाऱ्या काकांना तोंडावर असं म्हणणं म्हणजे थेट भांडण. भोचक हा बहुतेक वेळा माणसाच्या पाठीमागे वापरायचा शब्द आहे, "ते काका फार भोचक आहेत, त्यांना काही सांगू नकोस". तोंडावर म्हणायचं तर "काका, ते माझं मी बघते". बरोबरीच्या मैत्रिणीला मात्र "ए, भोचकपणा करू नकोस" चालतं, त्यात राग कमी आणि हक्क जास्त असतो. हा फरक वर्कशीटमध्ये नाही दिला तर कोणीतरी सासरच्या माणसांसमोर हा शब्द वापरून बसेल आणि चूक कळणारही नाही.

नवीपालवी
आगाऊ का नाही सुचवला कोणी?

सांजवेळ
कारण शिकणाऱ्याला उद्या 'आगाऊ रक्कम' आणि 'आगाऊ सूचना' दिसेल आणि रक्कम उद्धट कशी असेल असं तो विचारेल. आणि आगाऊ म्हणजे वयाला, मानाला न शोभणारा शहाणपणा करणारा, चौकशा करणारा नव्हे. 'चौकस' पण देऊ नका, ते कौतुक आहे.

नवीपालवी
मग चोंबडा?

जुनाजाणता
जवळचा आहे, पण चोंबडा इकडचं तिकडे पोचवतो, न विचारता मध्ये बोलतो. आणि तो लिंगाप्रमाणे बदलतो, चोंबडा माणूस, चोंबडी बाई, चोंबडं पोर. भोचक कुठेच बदलत नाही, भोचक माणूस, भोचक बाई, भोचक पोर, त्यामुळे नवख्याला तोच सोपा.

कोरी_पाटी
ओके, घाईत आहे, हे असं पाठवतेय.
१. शेजारच्या काकू भोचक प्रश्न विचारतात.
२. भोचक्या काकूंना मी काही सांगत नाही.
३. ए, भोचकपणा करू नकोस.
जाहिराती आणि विचार वेगळ्या ओळीत, वळणवाट यांनी दिलेत तसे.

वळणवाट
दुसऱ्यात 'भोचक काकूंना' करा, वर सांगितलंय ना बदलत नाही म्हणून. बाकी पाठवा.

सांजवेळ
आणि सल्ल्यासाठी एक ओळ अनाहूतची टाकाच.