'सेन्सॉर'ला मराठीत काय म्हणावं? : अभ्यवेक्षण, परिनिरीक्षण, प्रमाणन आणि कात्री

प्रश्न : मूकपटांच्या काळावर लेख लिहितो आहे. 'सेन्सॉर'साठी अभ्यवेक्षण, परिनिरीक्षण आणि प्रमाणन असे तीन शब्द सापडले. यातला कोणता घ्यावा? आणि 'सेन्सॉरची कात्री' हा शब्दप्रयोग गंभीर लेखात चालेल का?

उत्तर : तिन्ही शब्द बरोबर आहेत, पण एकाच्या जागी दुसरा घालता येणार नाही. 'अभ्यवेक्षण' जुन्या लेखनात भेटतो, आज तो कुणाच्या तोंडी नाही. 'परिनिरीक्षण' मात्र जिवंत आहे, कारण नाटकाच्या संहिता तपासणारं आपलं 'रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ' आहे. या दोन्ही शब्दांत 'ईक्ष्' म्हणजे पाहणे हा धातू आहे. 'प्रेक्षक' आणि 'परीक्षण' हे शब्दही त्याच धातूचे. म्हणून एक सांभाळा : वर्तमानपत्रात येतं ते चित्रपटाचं परीक्षण, मंडळ करतं ते परिनिरीक्षण. छापताना या दोहोंची फार गल्लत होते.

'प्रमाणन' हा चित्रपट तपासणाऱ्या आजच्या केंद्रीय मंडळाच्या नावातला शब्द. १९८३ साली नाव बदललं आणि 'सेन्सॉर' जाऊन 'प्रमाणन' आलं. पण ही कल्पना तेव्हाची नव्हे. १९१८च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यातच प्रमाणपत्राशिवाय चित्रपट दाखवायला बंदी होती. १९२०पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथे मंडळं बसली. तेव्हा मूकपटाला 'प्रमाणपत्र मिळालं' असं लिहिलंत तर ते काळाला धरूनच होईल.

आता कात्री. ती जरूर वापरा, मला तर हाच शब्द सगळ्यांत खरा वाटतो. वरचे तिन्ही शब्द पाहण्याचं किंवा शिक्का मारण्याचं काम सांगतात. फितीचा तुकडा कापला जातो, हे त्यांतला एकही सांगत नाही. बाबूराव पेंटरांच्या 'सैरंध्री'तलं (१९२०) कीचकवधाचं दृश्य फारच खरं वाटतं म्हणून काढावं लागलं. अशा वेळी 'परिनिरीक्षण झालं' एवढंच लिहिणं म्हणजे घडलेलं झाकणं.

मात्र ही कात्री आधी चित्रपट करणाऱ्याच्या हातात होती, हे लेखात यायला हवं. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) देव अचानक प्रकट होतो, तो कसा? कॅमेरा थांबवायचा, नटांनी आहे तसं स्तब्ध उभं राहायचं, नवं पात्र चौकटीत आणून उभं करायचं आणि पुन्हा दांडा फिरवायचा. थांबण्याच्या जागची नको असलेली चित्रं कापून फीत जोडली की देव हवेतून आल्यासारखा दिसतो. दादासाहेब फाळके जादूचे प्रयोग करत असत, त्यामुळे ही नजरबंदी त्यांना परकी नव्हती. तेच कापणं कलावंताने केलं तर आपण त्याला 'संकलन' म्हणतो, म्हणजे गोळा करणं. मंडळाने केलं की 'कात्री लागली' म्हणतो. कृती एकच, पण भाषेने दोन्हींमधला फरक बरोबर टिपला आहे.

आणखी एक विचारणा : मूकपटात मधेमधे मजकूर दिसतो, त्याला 'उपशीर्षक' म्हणू का?

उत्तर : नको. उपशीर्षक आज चित्राच्या खाली येतं. मूकपटातला मजकूर पूर्ण पडदाभर येतो. त्याला 'पाटी' म्हणा. मजकूर वेगळा लिहून त्याचं चित्रण करायचे आणि तो तुकडा दोन दृश्यांच्या मध्ये जोडायचे. थिएटरात कुणी तो मोठ्याने वाचून दाखवी, म्हणजे निरक्षर प्रेक्षकही अडत नसे.

तुमच्या विषयाला तर पाटीशिवाय गत्यंतर नाही. बोलपटात शब्द नटाच्या ओठांवर असतो. मूकपटात तो सुट्या तुकड्यावर होता, त्यामुळे चित्राला हात न लावता शब्द बदलता येई. शांतारामबापूंच्या शिवकालीन मूकपटाचं 'स्वराज्य तोरण' हे नाव सेन्सॉरला खटकलं आणि चित्रपट 'उदयकाल' म्हणून पुढे आला. ब्रिटिश अमलात 'स्वराज्य' हा शब्द पडद्यावर का नको होता, ते सांगायची गरज नाही.

पाटी बदलून भागलं नाही असंही उदाहरण आहे, आणि ते लेखात घ्याच : कोहिनूर फिल्म कंपनीचा 'भक्त विदुर' (१९२१). द्वारकादास संपतांनी विदुराची भूमिका केली होती. कथा महाभारतातली, पण विदुराच्या डोक्यावर गांधी टोपी आणि अंगात खादी. हे सगळं वेशभूषेतच होतं. ते काढायचं तर विदुरच काढावा लागला असता, म्हणून मद्रास आणि सिंधमध्ये अख्ख्या चित्रपटावर बंदी आली. इथे 'कात्री' लिहू नका, 'बंदी'च लिहा.