सिम्फनी ऐकायला सुरुवात कुठून करू?

प्रश्न: आपलं शास्त्रीय भरपूर ऐकतो पण सिम्फनी लावली की थोड्या वेळात लक्ष उडतं, एवढी वाद्यं एकदम, धरायचं काय तेच कळत नाही. कुणी सांगेल का?

उत्तर १: बेथोव्हनची पाचवी सिम्फनी लावा, १८०८ची. सुरुवातीचे चार स्वर पकडा, तेच पुढे फिरत राहतात. तिसऱ्या भागाच्या शेवटी सगळं दबकं होतं, टिंपनी (मोठे नगारे) हळू वाजत राहते आणि मध्ये न थांबता चौथा भाग असा उसळतो की बस्स! ट्रॉम्बोन ही पितळी वाद्यं तिथेच पहिल्यांदा येतात.

उत्तर २: मी तरी आधी संगीतकार ड्वोर्झाकची नववी सांगेन, दुसऱ्या भागातली कोर आंग्लेची (सनईसारखं फुंकून वाजवायचं वाद्य) धून ऐकाच. एका वेळी एकच भाग, पूर्ण ऐकायचा हट्ट नको.

उत्तर ३: मुंबईत असाल तर एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद प्रत्यक्ष ऐका, कोण कधी वाजवतंय ते दिसलं की निम्मा गोंधळ जातो.